वेगाचं घराणं: आईकडून काय येतं, काय येत नाही

रविवारी सकाळी सारसबागेसमोरच्या सणस मैदानावर मी पोरांचं टायमिंग घ्यायला उभा असतो. महिन्या-दोन महिन्यांतून एखादे पालक येऊन हळूच विचारतात, "आमच्यात काही आहे का हो?" परवाच्या गृहस्थांनी हाच प्रश्न नव्या कपड्यांत आणला. "सर, थुंकीची टेस्ट निघालीय म्हणे. स्पीडचं जीन आहे की नाही ते कळतं. करून घेऊ का याची?" 'हा' म्हणजे दहा वर्षांचा चिरंजीव. एका बुटाची नाडी सुटलेली आणि लक्ष कबुतरांकडे. मग गृहस्थ जरा ओशाळून म्हणाले, "आमच्या घरात कुणी खेळाडू नाही ना, म्हणून."

खरा प्रश्न होता तो हाच. जीनचं निमित्त होतं. खेळाडूच्या घरात जन्मलेल्या पोराला नेमकं काय मिळतं, आणि आपल्या पोराला ते मिळालं नसेल तर दार बंद झालं का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. मैदानावर मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून मोकळा झालो. पण विषय दोन वाक्यांचा नाही.

हे समजून घ्यायला खऱ्याखुऱ्या खेळाडूंच्या घरातला एक धावपटू घेऊ. दक्षिण आफ्रिकेचा वेड व्हॅन निकर्क. (हे नाव मराठीत वाचताना हसू येतं. पण 400 मीटर धावणाऱ्याला शोभेल असं दुसरं नाव मला सुचत नाही.) 14 ऑगस्ट 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये त्यानं 400 मीटर 43.03 सेकंदांत पार केलं. मायकेल जॉन्सनचा 1999 चा 43.18 चा विक्रम मोडला. सरासरी काढली तर ताशी साडेतेहतीस किलोमीटर होतात. संध्याकाळच्या लक्ष्मी रोडवर कुठलीही गाडी एवढ्या वेगानं जात नाही.

त्याची आई ओडेसा धावपटू होती आणि वडील उंच उडी मारायचे. रग्बीचा विश्वविजेता चेस्लिन कोल्बी त्याचा चुलत-आते-मामे यांपैकी कुठला तरी भाऊ. इंग्रजीत सगळे 'कझिन', त्यामुळे आपल्याकडची नेमकी नाती त्यांच्या बातम्यांत सापडत नाहीत. थोडक्यात, आमच्या गृहस्थांना हवं होतं तसं घर.

आता जीनकडे येऊ, म्हणजे तो विषय एकदाचा संपेल.

आपल्या स्नायूंत ढोबळमानानं दोन प्रकारचे तंतू असतात. काही सावकाश आकसतात पण दमत नाहीत. पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत जाणारे पाय या तंतूंवर जातात. दुसरे झटक्यात आकसतात, भरपूर जोर लावतात आणि लवकर गळपटतात. स्प्रिंटरला, म्हणजे कमी अंतर जोरात धावणाऱ्याला, हे दुसरे लागतात. त्यांचं प्रमाण बऱ्याच अंशी जन्मजात असतं. सरावानं त्यांची ताकद आणि जाडी वाढते, पण संथ तंतूंचे झटपट तंतू फारसे बनत नाहीत. ज्या टेस्टची जाहिरात होते, ती बहुधा एसीटीएन-3 नावाच्या एका जनुकाची असते. या जनुकावरून झटपट तंतूंमधलं एक प्रथिन तयार होतं. जगात साधारण पाचातल्या एका माणसात ते तयारच होत नाही आणि त्यामुळे त्याचं रोजच्या आयुष्यात काही अडतही नाही. अव्वल स्प्रिंटरमध्ये मात्र अशी माणसं फार विरळ सापडतात. इथवर जाहिरात खरं बोलते.

ती पुढचं सांगत नाही. पाचातल्या चौघांत हे प्रथिन असतं, म्हणजे पृथ्वीवरच्या अब्जावधी लोकांत. त्या गृहस्थांत असेल, माझ्यात असेल, मैदानाबाहेर चहा विकणाऱ्यात असेल. आणि धावण्याच्या वेळेत माणसामाणसात जो फरक पडतो, त्यातला अगदी थोडा वाटा या एका जनुकाचा असतो. बाकीचा शेकडो लहानसहान जनुकांत विखुरलेला असतो. ती कोणती आणि एकमेकांत कशी मिसळतात, हे सांगणारी टेस्ट अजून कुणाकडे नाही. लायसन्स आहे म्हणून कुणी ड्रायव्हर ठरत नाही, तसंच हे.

मग खेळाडूंच्या घरातलेच एवढे पुढे कसे येतात? बेल्जियमचे बोर्ली पाहा. वडील जॅक 400 मीटर धावायचे. केविन आणि जोनाथन ही जुळी मुलं 400 मीटरचीच, धाकटा डिलन तसाच आणि मुलगी ऑलिव्हिया स्प्रिंटर. पॅरिसला 2024 मध्ये 100 मीटर जिंकलेल्या नोआ लाइल्सचे वडील अमेरिकेच्या रिले संघात होते आणि भाऊ जोसेफसही धावतो. एवढी घरं पाहिली की 'रक्तातच आहे' म्हणावंसं वाटतं. रक्तात थोडं आहेच. पण या घरांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती रक्ताच्या तपासणीत येत नाही.

ती कळायला 400 मीटरच्या शर्यतीत शरीराचं काय होतं ते पाहावं लागेल. इथे मी जरा रेंगाळणार आहे. ही शर्यत मी स्वतः कॉलेजात धावलोय आणि अजून तिच्यावर राग आहे.

आपल्या शरीराच्या खिशात थोडी रोख असते. बंदूक वाजल्यापासून पहिली काही सेकंदं स्नायू या रोखीवर चालतात. स्नायूंतच साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट लगेच खर्चता येतं, पण लगेच संपतंही. त्यानंतर वाण्याकडची उधारी सुरू होते. साखर प्राणवायूशिवाय झटपट जाळायची आणि वेग टिकवायचा. या उधारीचं व्याज फार चढं असतं. स्नायूंतली आम्लता वाढते, मांड्या जड होतात, गुडघे वर येईनासे होतात. पोरं म्हणतात, "सर, लॅक्टिक चढलं." (यात लॅक्टिक बिचारं उगाच बदनाम झालंय, कारण शरीर ते इंधन म्हणूनही वापरतं. पण मैदानावरचा शब्द पुस्तकं सांगून बदलत नाही.) आणि रोख पगार, म्हणजे श्वासातून येणारा प्राणवायू, तोही शर्यतभर थोडाथोडा येतच असतो. पूर्ण वेगानं धावलेल्या 400 मीटरमध्ये साधारण 40 टक्के ऊर्जा या मार्गानं येते. म्हणून या शर्यतीला नुसता वेगवान माणूसही पुरत नाही आणि नुसता दमदारही नाही.

आता वेडचे रिओमधले टप्पे पाहा. पहिले 100 मीटर अंदाजे 10.7 सेकंदांत, कारण त्यात जागेवरून सुटणंही आलं. दुसरे 9.8, तिसरे 10.5, शेवटचे 12.0. म्हणजे जगातल्या सर्वांत वेगवान 400 मीटरमध्येही शेवटच्या टप्प्यात माणूस रखडतच होता. टीव्हीवर आपल्याला वाटतं की शेवटी त्यानं जोर काढला. शेवटी कुणीच जोर काढत नसतो. बाकीचे जास्त मंदावतात आणि जिंकणारा कमी मंदावतो. दुसरा आलेला किरानी जेम्स 43.76 मध्ये पोहोचला आणि तिसरा लाशॉन मेरिट 43.85 मध्ये. दोघेही माजी ऑलिम्पिक विजेते.

आणि वेड आठव्या लेनमध्ये होता. उपांत्य फेरीत पुढे असलेल्यांना मधल्या लेन मिळतात. सगळ्यात बाहेरची आठवी कुणालाच नको असते. बाहेरची लेन लांब पडते, म्हणून तिथल्या धावपटूला पहिल्या लेनपेक्षा सुमारे 53 मीटर पुढे उभं करतात. बालेवाडीच्या ट्रॅकवर पहिल्यांदा जाणारी पोरं हे पाहून हमखास ओरडतात, "सर, याला पुढे का?" अंतर सगळ्यांना सारखंच पडतं, पण पुढच्याला शर्यतभर कुणी दिसत नाही. मागे सात जण आहेत आणि ते नेमके किती मागे आहेत ते कळत नाही. एक फायदा आहे. बाहेरचं वळण पसरट असल्यामुळे वळताना शरीर कमी खेचलं जातं. पण तो फायदा घ्यायचा तर स्वतःचा वेग स्वतःच्या अंगात माहीत असावा लागतो. दुसऱ्याकडे पाहून धावणाऱ्याचं तिथं काही खरं नसतं.

हे अंगातलं मोजमाप जनुकातून येत नाही. ते कुणीतरी शिकवावं लागतं, आणि त्याहून जास्त, तोवर थांबावं लागतं.

थांबणं हाच या कारकिर्दीचा खरा मसाला आहे. वेड जन्मला 15 जुलै 1992 ला, केप टाउनजवळच्या क्राइफॉन्टेनमध्ये, दिवस भरायच्या बराच आधी. वजन जेमतेम किलोभर. चौथ्या-पाचव्या वर्षी त्याला पाहून कुणी भाकीत केलं असतं तर ते चुकलंच असतं. पुढे मुख्यतः तो 200 मीटर धावायला लागला. 2010 मध्ये कॅनडातल्या मॉन्क्टनला झालेल्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत त्याच शर्यतीत चौथा आला. चांगला, पण पदकाविना. नंतर मांडीच्या मागचा स्नायू, आपण ज्याला हॅमस्ट्रिंग म्हणतो तो, वारंवार दुखावायला लागला.

हा स्नायू बहुधा सर्वोच्च वेगात दगा देतो. पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीवर टेकायच्या आत त्याला ब्रेक लावायचा असतो. तो ब्रेक म्हणजे हॅमस्ट्रिंग. वेग जितका जास्त तितका या ब्रेकवरचा ताण वाढतो आणि एखाद्या दिवशी 'टक्क' आवाज होतो. 400 मीटरमध्ये माणूस आपल्या कमाल वेगाच्या थोडा खालीच धावतो. म्हणून त्याच्या कोचनी त्याला 400 कडे वळवलं. विक्रमासाठी नाही, मांडी वाचावी म्हणून.

त्या कोच म्हणजे ॲन्स बोथा. ब्लूमफॉन्टेनच्या विद्यापीठात शिकवायच्या. 2012 च्या शेवटाकडे वेड त्यांच्याकडे आला आणि रिओत विक्रम झाला तेव्हा त्या 74 वर्षांच्या पणजीबाई होत्या. पोरं त्यांना 'टानी ॲन्स' म्हणतात. टानी म्हणजे आफ्रिकान्स भाषेत मावशी किंवा काकू. आपल्याकडे मैदानावरच्या बाईंना 'मॅडम' म्हणतात. कधी वाटतं, मावशी म्हटलं असतं तर पोरांनी दुखणी लपवली नसती.

इथे मला घराणं हा शब्द आठवतो. गाण्यातलं घराणं रक्तानं मिळतं आणि गुरूकडूनही मिळतं. पंडित भीमसेन जोशींचे वडील गवई नव्हते. गदगहून निघालेल्या त्या मुलाला किराणा घराणं मिळालं ते कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून, आणि पुढे त्या घराण्याचा मोठा आवाज पुण्यात राहिला. वेडची गोष्ट दोन्हींची आहे. आई धावपटू आणि गुरू मावशी.

आईचा वाटा नेमका काय ते सांगतो, कारण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ओडेसा वर्णभेदाच्या काळात धावत होती. वर्णभेद मानणाऱ्या संघटनांबाहेरच्या शर्यतींत ती धावायची. कितीही जोरात धावली तरी देशाबाहेरची दारं बंद होती. वर्णभेदापायी दक्षिण आफ्रिका 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये शेवटची दिसली, ती थेट 1992 च्या बार्सिलोनात परतली. त्या स्पर्धेचं उद्घाटन 25 जुलैला झालं. पोरगा 15 तारखेला जन्मलेला, दहा दिवसांचा.

रोमचा उल्लेख आला तर आपल्या घरातलंही एक दुखणं सांगायला हवं. त्या ऑलिम्पिकच्या 400 मीटरमध्ये मिल्खा सिंग चौथे आले, हे सगळ्यांना पाठ आहे. तिसरा कोण आला हे फारसं कुणी विचारत नाही. माल्कम स्पेन्स, दक्षिण आफ्रिका. हातातल्या घड्याळांप्रमाणे स्पेन्स 45.5, मिल्खा 45.6. ज्या देशानं आपल्याच बहुसंख्य लोकांना देशाची जर्सी नाकारली होती, त्या देशाच्या गोऱ्या धावपटूनं आपलं पदक नेलं. 56 वर्षांनी त्याच देशाच्या, त्याच शर्यतीत, एका सावळ्या धावपटूनं विश्वविक्रम केला. त्याची आई मिल्खांसारखी चौथीसुद्धा येऊ शकली नव्हती, कारण तिला रेषेवर उभंच राहू दिलं नव्हतं.

तर अशा आईच्या घरात काय असतं? बाहेर कुणाला दिसणार नाही अशी माहिती असते. शर्यतीच्या आदल्या दिवशी काय खायचं, आणि त्याहून जास्त, काय नाही. पोटरी ओढल्यासारखी वाटली तर उद्या धावायचं नाही, आणि धावलं नाही म्हणून कुणी ओरडायचं नाही. हरून आलेल्या पोराशी पहिला अर्धा तास बोलायचं नाही. बाराव्या वर्षी जिल्ह्यात पहिला आला म्हणून पेढे वाटायचे, पण हुरळायचं नाही, कारण त्या वयात जिंकणारे पुष्कळदा नुसते लवकर मोठे झालेले असतात. ज्याच्या ओठांवर आठवीत लव फुटते तो आठवीत जिंकतो. दहावी-बारावीपर्यंत बाकीचे त्याला गाठतात आणि मग घरच्यांना वाटतं, याचं काय बिघडलं? काहीच बिघडलेलं नसतं. हे ज्या घराला माहीत असतं त्या घरातलं पोर सतराव्या वर्षी खेळ सोडत नाही. पहिलवानाच्या घरात खुराक आणि आराम यांचं गणित आजीलाही ठाऊक असतं, तसंच हे. खाशाबा जाधवांच्या घरी वडील दादासाहेब पहिलवान होते. 1952 चं हेलसिंकीचं कांस्यपदक आलं ते अशा घरातून.

माझ्या घरी धावणं म्हणजे पीएमटीची बस पकडणं. सेकंड इयरला मांडी दुखत असताना मी निवड चाचणी धावलो. घरच्यांनी आयोडेक्स चोळून दिलं आणि म्हणाले, "जिद्द सोडू नकोस." प्रेमानंच म्हणाले. तिसऱ्या वळणावर टक्क झालं. त्यानंतर माझ्या हातात स्टॉपवॉच आलं, ते अजून आहे.

घरात सगळे खेळाडू असावे लागत नाहीत, एक पुरतो. 2013 च्या जुलैत, भर पावसाळ्यात, पुण्याला आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली. बालेवाडीत 100 मीटर चीनच्या सू बिंगतियाननं जिंकली. आपल्या मुलींनी 4 बाय 400 रिलेचं सोनं घेतलं. आणि 200 मीटरमध्ये ओडिशाची 17 वर्षांची एक मुलगी तिसरी आली. द्युती चंद. आईवडील विणकर, घरात सात भावंडं. पण मोठी बहीण सरस्वती धावायची. तिच्या मागोमाग द्युती मैदानावर आली. पुढे अंगात पुरुषी हार्मोन किती असावं याच्या नियमांवरून तिला बाहेर काढलं, ती थेट क्रीडा लवादापर्यंत भांडली, 2015 मध्ये परत आली आणि 2021 मध्ये 100 मीटर 11.17 सेकंदांत धावून राष्ट्रीय विक्रम केला. तिचं खेळाडूंचं घर म्हणजे आधी वाट तुडवलेली एक ताई.

वेडकडे परत येतो, कारण त्याची गोष्ट रिओत संपत नाही. मार्च 2016 मध्ये त्यानं ब्लूमफॉन्टेनला 100 मीटर 9.98 मध्ये काढलं आणि 100 मीटर 10 सेकंदांच्या आत, 200 मीटर 20 च्या आत, 400 मीटर 44 च्या आत धावणारा तो जगातला पहिला माणूस ठरला. 2017 मध्ये लंडनला 400 चं विश्वविजेतेपद राखलं. तेव्हा वय 25. पुढची पाच वर्षं त्याचीच, असं सगळे धरून चालले होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केप टाउनला रग्बीचा एक हौशी, गंमतीचा सामना होता. त्यात त्याचा गुडघा गेला. गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारी एक तिरपी दोरी असते, तिला एसीएल म्हणतात. ती तुटली की खेळाडूला बहुधा शस्त्रक्रिया करून नवी दोरी बसवावी लागते. चालता-पळता येतं, खेळताही येतं. पण स्प्रिंटरचा पाय जमिनीला सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच टेकतो आणि तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर झेलतो. तिथे पायाला कणभर जरी संशय आला तरी घड्याळ ते पकडतं. तो 2018 पूर्ण घरी बसला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरीतच थांबला. पुढे जागतिक अंतिम फेऱ्यांत परत दिसला, पण 44 सेकंदांच्या आत पुन्हा कधी आला नाही. त्याचा 43.03 चा विक्रम मात्र अजून कुणी मोडलेला नाही, तो स्वतःही नाही.

रग्बी त्याच्या घरात होती हे वर सांगितलंच. ज्या घरात सगळेच खेळतात तिथं चेंडू दिसला की पाय थांबत नाहीत. त्या एका संध्याकाळी आईची माहिती आणि मावशीची शिस्त दोन्ही कामाला आल्या नाहीत. माझ्या बघण्यातले काही कोच आपल्या पोरांना गल्लीतलं क्रिकेटही खेळू देत नाहीत. मला ते पटत नाही. दहा वर्षांच्या पोरानं सगळं खेळावं. पंचविसाव्या वर्षी, विश्वविक्रम नावावर असताना, हौसेचा सामना खेळावा का, हा वेगळा हिशेब आहे आणि तो मांडायला विश्वविक्रम असावा लागतो.

पुढच्या रविवारी ते गृहस्थ परत आले. टेस्ट केली नव्हती, पण चौकशी करून किंमत काढून आणली होती. मी म्हटलं, एवढ्यात दोन जोड बरे बूट येतील आणि वर केळ्यांचे पैसे उरतील. मग विचारलं, हा झोपतो किती वाजता? ते म्हणाले, "साडेअकरा होतात हो, मोबाइल असतो." साडेनवाला झोपवा म्हटलं. एवढंच? म्हणाले. तोवर चिरंजीव आठ-दहा पोरांबरोबर उलटं पळायची शर्यत लावून धडपडले होते आणि गुडघा चोळत हसत होते. मी त्याची नाडी बांधली आणि स्टॉपवॉच शून्यावर आणलं.